अस्वल बलवान की तांबेरा?

अस्वल आणि बुरशी यांची तुलना करा असे सांगितले तर तुम्ही हसाल. पण अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच डोंगरांवर हे दोघे एकाच झाडावर पोट भरतात. ते झाड म्हणजे व्हाइटबार्क पाइन.

प्रथम वजन पाहू. ग्रिझली अस्वल २०० किलोग्रॅमचे धरा. पाइनच्या सालीतून उडणाऱ्या बुरशीच्या नारिंगी बीजाणूचा व्यास सुमारे १/५० मिलिमीटर. तो गोल आहे व त्याची घनता पाण्याइतकी आहे असे मानून गणित करा. एका अस्वलाच्या भारंभार सुमारे ५० लाख कोटी बीजाणू लागतील!

ग्रिझली हिवाळाभर काही न खाता गुहेत पडून राहते. त्यासाठी आधी अंगावर चरबी चढवावी लागते. या पाइनच्या बिया तेलाने भरलेल्या असतात. खारी त्याची फळे जमिनीत साठवतात आणि अस्वल ते साठे उकरून फस्त करते. झाडाचे त्यात फारसे बिघडत नाही.

बुरशीची रीत निराळी. ही आपल्या गव्हावरील तांबेऱ्याचीच नातलग. ती एका पाइनवरून दुसऱ्या पाइनवर थेट जात नाही. मध्ये तिला करंट किंवा गूसबेरीसारखे झुडूप लागते. त्याच्या पानांवरून उडालेले बीजाणू दमट, थंड हवेत पाइनच्या पानांच्या रंध्रांतून आत शिरतात. तेथून बुरशी सालीत उतरते आणि काही वर्षांत फांदीभोवती वेढा घालते. अन्नाची वाट बंद झाली, की फांदी वाळते. खोडाला वेढा पडला, तर झाडच मरते.

ही बुरशी मूळची आशियातील. १९१० च्या सुमारास युरोपातून आणलेल्या रोपांबरोबर ती कॅनडातील व्हँकूव्हरला पोचली. आशियातील पाइन तिच्या सहवासात वाढले होते. अमेरिकेतील झाडांना तिची ओळखच नव्हती. पुढे खोडकिड्यांनीही या झाडांची हानी केली. अखेर २०२२ मध्ये अमेरिकन सरकारने व्हाइटबार्क पाइनची संकटग्रस्त म्हणून नोंद केली.

मग अस्वलाचे काय? ते मुळे, गवत, मांस काहीही खाते, म्हणून तगते. पण बियांचे पीक बुडाले, की ते अन्नासाठी डोंगर उतरते, माणसांच्या वाटेत येते आणि प्राणास मुकते.

तरीही आशा आहे. काही पाइन या रोगातही हिरवे राहतात. त्यांच्या बिया गोळा करून शास्त्रज्ञ रोपे वाढवीत आहेत.

अस्वल दुरून दिसते, म्हणून आपण सावध होतो. तांबेरा मात्र रोपाबरोबर गुपचूप आला. शाळेच्या बागेत नवे रोप आणाल, तेव्हा त्याची पाने उलटून जरूर पाहा.