मैदानाची शाळा (भाग ६) : गडी वाटताना

देवगाव फाट्यावर मंठा, जिंतूर आणि सेलूकडचे रस्ते मिळतात. अशा फाट्याच्या शाळेत आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांची पोरं एकत्र येतात. त्यात मराठवाड्यातली ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास कुणी आईबापांबरोबर कारखान्याकडं जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. तोवर संघ जमलेला असतो. त्याला भिडू म्हणून घ्यायचं कुणी? हा पेच नुसत्या शिट्टीनं सुटत नाही.

गेल्या भागात सामाजिक-भावनिक शिक्षणाची पाच अंगं पाहिली : स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्याचं मन जाणणं, नाती सांभाळणं आणि जबाबदारीनं निर्णय घेणं. ही अंगं भावी क्रीडाशिक्षकाच्या अंगवळणी कशी पाडायची, हा आजचा विषय.

अमेरिकेत डॉन हेलिसन यांनी शिकागोच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करताना त्यांना जबाबदारीनं वागायला शिकवणारी एक चौकट बसवली. आधी दुसऱ्याचा मान राखायचा, मग मनापासून भाग घ्यायचा, पुढं स्वतःची दिशा ठरवायची, इतरांना हात द्यायचा आणि शेवटी हे सगळं मैदानाबाहेर न्यायचं. तासाच्या अखेरीस मुलं गोल बसतात आणि अंगठा वर, आडवा किंवा खाली करून आपल्या वागण्याला स्वतःच गुण देतात. खेळातल्या कामगिरीचा तिथं संबंध नसतो.

चौकट चांगलीच आहे, पण आपल्या खेड्यातली गडी वाटायची जुनी रीतही कमी नाही. बरोबरीच्या ताकदीची दोघं जोडी करतात, बाजूला जाऊन कानात नावं ठरवतात आणि कप्तानांपुढं येतात : ‘ऊन घेता का सावली?’ कोण ऊन आणि कोण सावली, हे कप्तानाला ठाऊक नसतं. संघ तुल्यबळ होतात आणि ‘उरलेला’ म्हणून कुणी शेवटी ताटकळत राहत नाही. उलट कप्तानानं एकेक नाव पुकारलं की शेवटच्या पोराची मान खाली जाते. ती मान शिक्षकाला दिसली पाहिजे. प्रशिक्षणात हे बघायला शिकवावं लागतं.

खो-खोतही तेच. पाठलाग करणाऱ्याला खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय उलट फिरता येत नाही. गडी हुकून मागं राहिला की खांब गाठावा लागतो, नाहीतर खो देऊन दुसऱ्याला उठवावं लागतं, आणि बसलेल्यानं खो मिळण्याआधी उठायचं नाही. हावऱ्यालाही सोपवायला आणि उतावळ्यालाही थांबायला हा खेळ शिकवतो. फक्त खेळ संपल्यावर शिक्षकानं विचारायला हवं, ‘खो द्यायला उशीर का झाला?’

बी.पी.एड.च्या सराव पाठात रांगा, आज्ञा, वेळेचं नियोजन यांवर निरीक्षकाची नजर लगेच जाते. माझं म्हणणं एवढंच, की ‘बाद होता’, ‘नव्हता’ अशी वादावादी पेटते त्या दोन मिनिटांत छात्रशिक्षकानं काय केलं, यालाही गुण असावेत. तो ओरडला? निकाल देऊन मोकळा झाला? की दोन्ही बाजूंना बोलू दिलं? मुद्दाम असा वाद घडवून सहाध्यायींसमोर त्याचा सराव करता येतो. त्यात पहिली परीक्षा शिक्षकाच्या स्वतःच्या रागाची असते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. तरी ‘मैदानाला पाच चकरा मार’ हे वाक्य तोंडातून सहज निघतं. ज्या शिक्षकानं धावण्याची गोडी लावायची, त्यानंच धावणं शिक्षा म्हणून वापरायचं! या चकरांबद्दल पुढच्या आठवड्यात.