व्हिएतनाम : माल परदेशी, गिऱ्हाईक घरचं?

2024 मध्ये व्हिएतनामने सुमारे 405 अब्ज डॉलरचा माल निर्यात केला; म्हणजे जीडीपीच्या जवळपास 85 टक्के! आकडा डोळे दिपवणारा, पण थोडा फसवाही. बाक निन्ह, थाय न्गुयेन या प्रांतांतल्या सॅमसंगच्या कारखान्यांतून फोन बाहेर पडतो, तेव्हा त्याची पूर्ण किंमत निर्यातीत धरली जाते. आतल्या चिप आणि बरेचसे सुटे भाग मात्र आयात केलेले. एकूण निर्यातीतला 70 टक्क्यांहून अधिक वाटाही परदेशी भांडवलाच्या कंपन्यांचाच.

2023 मध्ये पाश्चात्त्य बाजारातली मागणी आटली आणि निर्यात 4 टक्क्यांहून जास्त घसरली. अशा वेळी कारखान्यात पहिली कात्री लागते ओव्हरटाइमला. गावी धाडायचे पैसे, मोटारसायकलचा हप्ता बऱ्याचदा त्यातूनच निघतो. म्हणून निर्यात आणि देशांतर्गत मागणी यांचे दोन वेगळे खाने करणं इथे फारसं जमत नाही.

घरची मागणी टिकवायला सरकारने 2022 पासून बहुतेक वस्तूंवरचा व्हॅट 10 वरून 8 टक्क्यांवर आणला. तात्पुरती म्हणवणारी ही सवलत, मधला एक खंड वगळता, लांबतच गेली. आता मुदत 2026 अखेरची आहे. लोकसंख्या 10 कोटींच्या पुढे असल्याने घरची बाजारपेठ लहान नाही, खिसे लहान आहेत.

एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने व्हिएतनामी मालावर 46 टक्के आयातशुल्क जाहीर केलं, जुलैत ते 20 टक्क्यांवर आलं. जवळपास 30 टक्के निर्यात एकट्या अमेरिकेला जात असताना हनोईला घासाघीस करायला फारसा वाव नव्हता.