जीप उंच केली की शाफ्ट का तुटतो?

(वारंगा फाटा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं आणि आज मी जीपच्या शाफ्टवर बोलणार आहे. कुणाला हसू आलं तर येऊ द्या. झालं असं की, माझ्या पुतण्यानं एक जुनी जीप घेतली. पावसाळ्यात काळ्या रानातून निघावी म्हणून ती चार इंच उंच करून घेतली. वर्षभरात मागच्या शाफ्टचा क्रॉस दोनदा तुटला. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा गाडीत त्याची आई होती. आता तो म्हणतो, "काका, जाड शाफ्ट टाकतो, विषय संपला." मी म्हटलं, थांब. काय तुटलं ते तू सांगितलंस. का तुटलं, ते सांग.

शाफ्टचं काम आधी समजून घेऊ. गिअरबॉक्स चासीला बांधलेला असतो आणि मागचं हौसिंग चाकांबरोबर वर-खाली होतं. या दोघांमध्ये फिरणाऱ्या शाफ्टला दोन गोष्टी जमाव्या लागतात: वाकणं आणि लांबणं. वाकण्यासाठी दोन्ही टोकांना क्रॉस असतो. लांबण्यासाठी एक सरकता जोड असतो, म्हणजे एका नळीत दुसरा दातेरी भाग मागे-पुढे सरकतो.

तुम्ही शेतकरी मंडळी हे रोज पाहता. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडलाय, बांधाशी वळताना तुम्ही तो उचलता आणि पीटीओ शाफ्ट खडखडायला लागतो. जाणता ड्रायव्हर आधी पीटीओ बंद करतो आणि मग उचलतो. का? कारण कोन वाढला.

कोन वाढल्यावर नेमकं काय होतं? १७व्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं या जोडाचा अभ्यास केला. म्हणून त्याला हूकचा जोड म्हणतात. या जोडाचा एक स्वभाव आहे. एका बाजूनं एकसारखी गती दिली, तरी दुसऱ्या बाजूला ती एकसारखी निघत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा जलद होते, दोनदा मंदावते. समजा कोन २० अंश आहे आणि तुम्ही मिनिटाला १००० फेरे दिले. दुसरी बाजू ९४० आणि १०६४ यांच्यात हेलकावत राहते. सरासरी १०००च, पण हेलकावा आहेच.

मग रोजच्या गाडीत तो जाणवत का नाही? कारण दुसरा क्रॉस पहिल्याची चूक खोडतो. त्याला दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे कान, एका रेषेत हवेत. शाफ्ट खोलून जोडताना सरकता जोड एक दातासुद्धा चुकीचा बसला, तर दुसरी अट मोडते. म्हणून खोलण्याआधी खडूनं खूण करायची.

आता हिशोब करू. शाफ्टची दोन टोकं आडव्या अंतरानं ९०० मिलिमीटर दूर आहेत, उंचीत १५० मिलिमीटरचा फरक आहे असं धरा. कोन साडेनऊ अंश. गाडी १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच उचलली की कोन साडेपंधरा अंश होतो. गतीचा हेलकावा दीड टक्क्याच्या आतून पावणेचार टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय शाफ्टला सुमारे २२ मिलिमीटर जास्त लांबी लागते, तेवढा सरकता जोड बाहेर येतो आणि त्याची पकड कमी होते. दगडावर एक चाक हवेत लटकलं की हे सगळं आणखी वाढतं.

थोडक्यात, क्रॉस अशक्त नव्हता. त्याला भलत्या कोनात राबवलं गेलं. जाड शाफ्टनं कोन बदलत नाही. उलट, शाफ्ट फार भक्कम केला की ताण पुढच्या अशक्त जागी जातो, म्हणजे हौसिंगमधल्या क्राउन-पिनियनवर. स्वस्त क्रॉस वाचतो आणि महाग दाते तुटतात.

मग उपाय काय? पहिला, उंची गरजेपुरतीच वाढवा. दुसरा, कोन मोजा. मोबाईलमध्येही कोन मोजता येतो. तिसरा, दोन साधे क्रॉस ठेवायचे असतील तर गिअरबॉक्सचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज समांतर ठेवा. पाट्यांखाली पाचर घालून पिनियनचं तोंड नुसतंच वर केलं, तर कोन असमान होतात आणि थरथर वाढते. चौथा, कोन फारच मोठा असेल तर गिअरबॉक्सकडच्या टोकाला डबल जॉइंट, म्हणजे शेजारी शेजारी दोन क्रॉस असलेला शाफ्ट येतो. तेव्हा मात्र पिनियनचं तोंड सरळ शाफ्टकडे वळवायचं. एकाच पाचरीचा पहिल्या रचनेत अपाय होतो, दुसरीत उपाय. आणि शाफ्टची लांबी नव्या उंचीवर मोजूनच करून घ्या, बॅलन्सिंगसकट.

आमच्या न्यायशास्त्रात कारण शोधायची एक रीत आहे, अन्वय-व्यतिरेक. हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर थरथर येते त्या वेगाला गाडी क्षणभर न्यूट्रल करा. थरथर टिकली तर इंजिन सुटलं. उरले चाक आणि शाफ्ट. शाफ्ट चाकाच्या कितीतरी पट वेगानं फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक आणि जलद असते. चाकाची डुलकी संथ असते.

प्रश्न आला, "सर, कायद्याचं काय?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. म्हणून हात घालण्याआधी आरटीओत विचारा, विम्याचे कागद वाचा.

पुतण्यानं शेवटी उंची दोन इंचांवर आणली आणि दोन्ही कोन मोजून जुळवले. शाफ्ट मूळचाच आहे. वहिनी परवा त्याच गाडीतून नांदेडला जाऊन आल्या. तुटलेला क्रॉस मी घरी टेबलावर ठेवलाय. कुणी घाईनं उत्तर घेऊन आलं की तो त्याच्या हातात देतो.