हायड्रोजनचे नवे अर्थकारण आणि आपली मुले

हायड्रोजन हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात भेटतो आणि बहुतेकांच्या बाबतीत दहावीच्या परीक्षेबरोबर निरोप घेतो. दरम्यान, याच वायूभोवती देशाने नवा उद्योग उभारावयास घेतला आहे. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमता आणि सहा लाखांहून अधिक रोजगार, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही आपले स्वतंत्र धोरण स्वीकारले. या रोजगारांत आपल्या मुलांचे स्थान कोणते असेल, हा आमच्या चिंतेचा आणि या लेखाचा विषय आहे.

वास्तविक मुंबईला हायड्रोजन नवा नाही. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया आणि अमोनियाचा युरिया करतात. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत इंधनातील गंधक काढण्यासाठी तोच लागतो. परंतु नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन मिळविताना सुमारे नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्याचे विघटन सौर किंवा पवन विजेने केले तर हा धूर टळतो. अशा हायड्रोजनला हरित म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने त्याची व्याख्याही ठरविली : एका किलोमागे दोन किलोपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड नको.

या क्षेत्रातील काम कसे चालते, याचे उत्तम उदाहरण पुण्यात आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी एकत्र येऊन ऑक्टोबर २०२० मध्ये देशी इंधनघटावर, म्हणजे फ्युएल सेलवर, चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली. २१ ऑगस्ट २०२२ रोजी त्याच सहकार्यातून तयार झालेल्या बसचे पुण्यात अनावरण झाले. इंधनघटात हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांचा संयोग होऊन वीज मिळते आणि बाहेर पाणी पडते. अशी बस कोणा एकट्या विद्वानाच्या हातून घडत नाही. तिला रसायनशास्त्रज्ञ लागतो, यंत्र अभियंता लागतो, वीजतज्ज्ञ लागतो, संगणकाचा जाणकार लागतो आणि कुशल जोडारीही लागतो. म्हणूनच हा विषय एकट्याने पाठ करून नव्हे, तर गटाने आणि प्रत्यक्ष उद्योगाच्या सहवासात शिकावा लागतो.

येथे आम्हांस परमपूज्य बाबासाहेबांचे विश्लेषण आठवते. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ साली दाखवून दिले. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. शिष्यवृत्तीने वर्गाचे दार उघडते. कार्यशाळेचे दार मात्र ओळखीने उघडते, आणि ती ओळख आपल्या घरांत वारशाने आलेली नाही. उद्योग जुना झाल्यावर त्यात शिरणे कठीण असते. तो घडत असतानाच आत असले पाहिजे.

शालेय प्रकल्पाचे स्वरूप कसे असावे? कारखान्याच्या फाटकावर छायाचित्र काढून परतणे म्हणजे प्रकल्प नव्हे. कंपनीने एक खरा प्रश्न लिहून द्यावा आणि एक अभियंता मार्गदर्शक द्यावा. उदाहरणार्थ, बोरीवलीच्या गोराई आगारातील बसगाड्या हायड्रोजनवर चालवाव्यात काय? पाच-सहा मुलामुलींचा गट आकडेमोड करू लागेल. एक किलो हायड्रोजनसाठी किमान नऊ लिटर पाणी आणि सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या एका किलोत साधारण ३३ युनिट ऊर्जा असते आणि इंधनघटातून त्यातील निम्मीच वीज म्हणून परत मिळते. म्हणजे घातलेल्या विजेपैकी जेमतेम एक तृतीयांश हाती येते. मग शहरातल्या बससाठी बॅटरीच बरी आणि हरित हायड्रोजन आधी खत व पोलाद यांच्या कारखान्यांत हवा, असा निष्कर्ष मुले स्वतः काढतील. कंपनीच्या माहितीपत्रकातील दावाही तपासूनच स्वीकारावा, हे त्यांना कळेल. धम्माला आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, ये आणि पाहा. विज्ञानाची रीतही तीच आहे.

आमचा आग्रह आणखी एका गोष्टीसाठी आहे. गटातील कामे दर आठवड्याला बदलली पाहिजेत. एकाने विचार करावा, दुसऱ्याने तारा धराव्यात आणि मुलींनी तक्ते रंगवावेत, असे झाले तर जुनी उतरंडच प्रयोगशाळेत येऊन बसेल. जो आज मोजमाप घेतो त्याने उद्या कंपनीसमोर उभे राहून मांडणी करावी.

आपल्या बोरीवलीच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत कल्याण आणि सोपारा येथील उपासकांची दाने कोरलेली आहेत. त्यांत लेणी आहेत, तशा पाण्याच्या पोढ्याही आहेत. व्यापारउदीम करणाऱ्यांनी ज्ञानसाधकांची तहान भागवावी, ही परंपरा आपल्या उशाशीच आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज कारखान्यांत, रेल्वेत, बेस्टमध्ये, वीज कंपन्यांत आणि संगणक क्षेत्रात आहेत. त्यांच्याकडे आम्ही पैसा मागत नाही. वर्षातून चार शनिवार आणि आपल्या कंपनीतील एका जबाबदार अधिकाऱ्याची गाठ, एवढे दान द्यावे. आणि पालकांनी, विशेषतः मुलींच्या पालकांनी, त्या शनिवारी मुलांना घरी बोलावून घेऊ नये.