वऱ्हाडच्या कापसाची आगबोट

अमरावतीचा कापूस आगबोटीने बंगालच्या उपसागराला न्यायचा, असा बेत एकोणिसाव्या शतकात खरोखर आखला गेला होता. त्यावर पैसा लागला, धरणे बांधायला घेतली गेली, आगबोटी नदीत उतरल्या. माघात कौंडण्यपूरला वर्धेचे पात्र पाहणाऱ्याला हे पटायचे नाही. बेत मात्र वेड्याचा नव्हता.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. तोवर इथला कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला गंगेकाठी जाई. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याला धाडला, असे जुने गॅझेटिअर सांगते. वाटेत पाऊस, धूळ, चारा-पाण्याचे हाल. वऱ्हाड ताब्यात आले त्याच सुमारास इंजिनिअर आर्थर कॉटन यांनी राजमहेंद्रीजवळ गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला होता. त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला पाहिले: गोदावरी, तिला सिरोंचाजवळ मिळणारी प्राणहिता, तिच्यावर वर्धा. बैलगाड्यांनी माल वर्धेकाठी आणायचा, पुढे पाण्यानेच समुद्र गाठायचा.

अडचण खडकांची होती. दुम्मागुडम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमरी, अशा तीन ठिकाणी खडकांनी नदी अडवली होती. शेजारून कालवा काढून, दारे उघडमिट करून बोट पायरीपायरीने वर चढवायची, ही योजना कॅप्टन हेग यांच्या हाती होती. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६३ मध्ये या नद्यांवर सविस्तर अहवाल लिहिला. अमेरिकेतल्या यादवीने मँचेस्टरचा कापूस तुटला होता. वऱ्हाडकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

बोटीचाही प्रश्न होताच. लाटा झेलायला बांधलेल्या बोटीचा तळ खोल असतो; समुद्रात तोच तिला सावरतो, नदीत तोच वाळूत रुततो. इथे तळ सपाट हवा, पाणी थोडे लागायला हवे, आणि तरी पुराच्या धारेविरुद्ध चढण्याइतके इंजिन दमदार हवे. एका बोटीत हे सारे बसवणे फार कठीण.

पण माझ्या मते खरा घात पंचांगाने केला. मृगात कपाशी पेरली जाते. आषाढ ते भाद्रपद नदी दुथडी भरलेली असते, तेव्हा शेतात नुसती झाडे असतात. वेचणी दिवाळीच्या मागेपुढे सुरू होऊन फाल्गुनापर्यंत चालते. नदी तोवर उतारावर आलेली, गुडघाभर पाण्यातून माणसे पलीकडे जातात. माल तयार तेव्हा पाणी नाही, पाणी असते तेव्हा माल नाही. वखारीत सहा-आठ महिने कापूस कोंडून पुराची वाट पाहणारा व्यापारी अमरावतीत कुठून मिळणार? शिवाय अकोल्याला या मार्गाचा आधार नव्हताच; तिथली पूर्णा पश्चिमेला तापीकडे वाहते.

१८६७ मध्ये रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. तिला पाऊसही चालत होता आणि उन्हाळाही. १८७१ मध्ये सरकारने जलमार्गाचे काम सोडून दिले.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने पैनगंगा-वर्धा आणि वैनगंगा-प्राणहिता हे दोन्ही मार्ग पुन्हा यादीत आले आहेत. यावेळी मोजणी करणाऱ्यांनी नदीची लांबी श्रावणात खुशाल मोजावी, खोली मात्र चैत्रात मोजावी.