दलाली एक टक्का की दोन? आधी विचारा, एजंट कोणाचा माणूस आहे

घर घ्यायचं ठरलं की आपल्याकडे एजंटला पहिला प्रश्न विचारला जातो, "दलाली किती?" एक म्हणतो दोन टक्के, दुसरा म्हणतो एक टक्का. तिसरा ओळखीतला असतो, कुणाच्या तरी सासुरवाडीकडचा. तो म्हणतो, "तुमच्याकडून काय घ्यायचं भाई, चहापाण्याचं बघा." बहुतेक घरांत निर्णय तिथेच होऊन जातो.

आमच्याकडे वाचकांचे जे प्रश्न येतात, त्यातही हाच प्रश्न वरचेवर असतो: दोन टक्के जास्त नाहीत का? आमचं सरळ उत्तर असं की हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा, पहिला नाही.

हिशोब करून बघू. मुंब्र्यात किंवा मीरा रोडला 40 लाखांचा जुना म्हणजे रीसेलचा फ्लॅट घेतला, तर एक टक्का दलाली 40,000 आणि दोन टक्के 80,000. फरक 40,000 रुपयांचा. रक्कम लहान नाही, आखाती देशात राबणाऱ्या माणसाची ती दीड-दोन महिन्यांची बचत असू शकते. पण हाच फ्लॅट घरातल्या बाईच्या नावावर घेतला, तर महाराष्ट्रात राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तेही बरोबर 40,000 होतात. (फक्त लक्षात ठेवा, तिच्या नावावर केलं म्हणजे घर तिचं. सवलतीपुरतं तिचं आणि भांडणात आपलं, असं चालत नाही.) दलालीवर आठवडाभर घासाघीस करणाऱ्या किती जणांना त्यांच्या एजंटने ही सवलत सांगितली? जो सांगतो, त्याने आपली अर्धी दलाली तिथेच वसूल करून दिली.

पैसे कोण देतो, काम कोणाचं होतं

नव्या प्रकल्पात एजंट साधारणपणे ग्राहकाकडून काही घेत नाही. त्याला बिल्डर पैसे देतो. "आमची सर्व्हिस फुकट आहे" असं तो म्हणतो ते म्हणूनच. त्यात गैर काही नाही, पण मग तो बिल्डरचा माणूस आहे एवढं आपण ओळखून असावं. ज्या इमारतीवर त्याला जास्त मिळतं, ती तो आधी दाखवणार.

रीसेलमध्ये उलटा घोळ असतो. एकच एजंट विकणाऱ्याकडूनही घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. दोघांना सांगून घेत असेल तर निदान व्यवहार उघड आहे. पण दोन्हीकडून घेणारा माणूस तुमच्यासाठी भाव पाडायला फार झटेल, ही अपेक्षा धरू नका. समजा त्याने तुमच्यासाठी दोन लाख कमी करून आणले. दोन टक्क्यांनी त्याचं स्वतःचं नुकसान 4,000 रुपयांचं. त्याला त्या 4,000 ची फिकीर नसते, व्यवहार या महिन्यात पार पडतो की पुढच्या, याची असते. म्हणून त्याची घाई आणि आपली घाई एक नाही.

आणखी एक पद्धत आहे, ती विकणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. एजंट म्हणतो, "तुम्हाला हातात 38 लाख हवेत ना? वरचं माझं." वरकरणी दलाली शून्य. प्रत्यक्षात फ्लॅट 41 ला गेला तर तीन लाख त्याचे, म्हणजे सात टक्क्यांच्या वर.

इस्लाममध्ये दलालाचा मेहनताना जायज आहे. इमाम बुखारी यांनी आपल्या सहीहमध्ये दलालाच्या मोबदल्यावर स्वतंत्र बाब ठेवला आहे आणि इब्ने सिरीन, अता, इब्राहिम, हसन यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं, असं तिथे नमूद आहे. "अमुक किमतीच्या वर जे येईल ते तुझं" या सौद्यालाही हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी हरकत घेतली नव्हती. मात्र बहुतेक फुकहांना हा प्रकार पसंत नाही, कारण मजुरी किती ते आधी ठरलेलं नसतं. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या मताप्रमाणे चाललं तरी मालकाला ही अट माहीत असते आणि ती त्याने कबूल केलेली असते. मालकाला 38 सांगून घेणाऱ्याकडून गुपचूप 41 उकळणं, हे त्यात बसत नाही. आमचा सल्ला: विकताना टक्का ठरवा आणि सौदा कितीला झाला ते समोरासमोर ऐका.

बहिणी किती, हे विचारणारा एजंट

आपल्याकडे रीसेलला येणारी कितीतरी घरं वारशाची असतात. वडील वारले, फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर, किंवा सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव लागलेलं. थोरला म्हणतो, "मीच मालक." स्वस्तातला एजंट मान डोलावतो आणि टोकन घ्यायला लावतो. कामाचा एजंट विचारतो, "अम्मा हयात आहेत का? बहिणी किती? त्यांच्या सह्या कुठे आहेत?"

हा एक प्रश्न दलालीच्या सगळ्या फरकापेक्षा महाग आहे. उदाहरण घ्या. मयताच्या मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली आहेत आणि त्याचे आई-वडील आधीच वारले आहेत. देणी फेडून झाल्यावर शरीअतप्रमाणे बायकोला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे आठ भागांपैकी आईचा एक, प्रत्येक मुलीचा एक आणि प्रत्येक मुलाचे दोन. 40 लाखांच्या फ्लॅटमध्ये तिन्ही बहिणींचे मिळून 15 लाख होतात. थोरल्याचे स्वतःचे फक्त 10. नॉमिनी असणं म्हणजे मालक असणं नव्हे. उद्या चिपळूणला दिलेली बहीण कोर्टात उभी राहिली, तर अडकणार कोण? ज्याने पैसे भरले तो. शिवाय जिचा हक्क अल्लाहने ठरवून दिला, तो तिला न देता विकलेल्या घरात आपण राहायला जाणार, हेही आहेच.

बहिणींनी हिस्सा खरोखर सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. "अब्बांनी तोंडी हिबा केला होता" असं सांगितलं जातं, आणि तोंडी हिबा आपल्या कायद्यात ग्राह्य धरला जाऊ शकतो हे खरं. पण तो शाबित करायची जबाबदारी ज्याच्यावर येते, त्याचे हाल विचारू नका.

कर्ज नाही, म्हणून तपासणीही नाही

यावर फारसं बोललं जात नाही. आपल्यातली बरीच कुटुंबं सूद टाळण्यासाठी बँकेचं कर्ज घेत नाहीत. सोनं मोडतात, भावाकडून कर्जे-हसना घेतात, कुवेत-दुबईची बचत लावतात. अल्लाह त्यात बरकत देवो. पण त्याचा एक परिणाम होतो. बँक कर्ज देताना स्वतःच्या बचावासाठी वकिलाकडून कागद तपासून घेते, बांधकामाची मंजुरी बघते. कर्ज नसलं की ती चाळणी राहत नाही. घेणारा, विकणारा आणि एजंट, एवढेच तिघे उरतात, आणि त्यात घेणारा अनेकदा परदेशात असतो. इथे धावपळ करते ती बायको किंवा म्हातारा बाप.

म्हणून रोखीने घर घेणाऱ्याने वाचवलेली दलाली वकिलाला द्यावी, असं आम्ही म्हणतो. एजंट वकील नसतो, त्याने "टायटल क्लियर आहे" म्हणणं हा दाखला नव्हे. पण चांगला एजंट कागद जमवून देतो: जुन्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स आणि घरपट्टीच्या पावत्या, भोगवटा प्रमाणपत्र. गावाकडे प्लॉट असेल तर सातबारा आणि फेरफार. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 दिसलं तर सरकारी परवानगीशिवाय विक्री अडते, आणि जमीन वक्फची असेल तर तिची विक्रीच होत नाही. हे कागद मागितल्यावर जो चिडतो, त्याची दलाली अर्धा टक्का असली तरी महाग.

आणि "रोखीने" म्हणजे नोटांनी नव्हे. मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांनी घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. टोकनसुद्धा बँकेतून द्या. विकणारा परदेशात राहणारा अनिवासी भारतीय असेल तर पैसे देण्याआधी सीएला विचारा. अशा वेळी घेणाऱ्याला कर कापून भरावा लागतो आणि तो नेहमीच्या एक टक्क्यापेक्षा बराच जास्त असतो. एजंटला हे माहीत नसेल तर तो फक्त दार उघडून फ्लॅट दाखवणारा आहे.

रेराचा नंबर

2016 च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. नंबर विचारा आणि महारेराच्या साइटवर स्वतः टाकून बघा, व्हिजिटिंग कार्डावर छापलंय म्हणून सोडू नका. नवीन प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हेही पक्कं ध्यानात ठेवा.

पण नंबर मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. आत राहणाऱ्यांनी तर घामाचे पैसे दिले होते. म्हणून बांधकाम परवानगी महापालिकेतून पडताळायची. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला 4 एप्रिल 2013 रोजी लकी कंपाउंडची अनधिकृत इमारत कोसळून 74 जण गेले. त्यानंतरही "इथे सगळंच असंच आहे, काही होत नाही" असं बिनदिक्कत सांगणारे एजंट भेटतात. त्यांच्याशी दलालीवर बोलूच नये, सलाम करून निघावं.

भाड्याचं घर आणि "सोसायटीत चालत नाही"

भाड्यात मुंबईकडे साधारण एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून जातं. आपला त्रास वेगळा असतो. नाव ऐकल्यावर घर "आत्ताच गेलं" असं कळतं. सहा घरं बघून, रजा वाया घालवून शेवटी हे ऐकायचं. इथे एजंटची खरी परीक्षा होते. चांगला एजंट मालकाशी आणि सेक्रेटरीशी आधी स्पष्ट बोलतो आणि जिथे दार उघडं आहे तिथेच नेतो. वाईट एजंट आपली अडचण ओळखून दोन महिन्यांची दलाली मागतो. पहिल्याला पूर्ण दलाली खुशीने द्यावी. दुसऱ्याला आपण "मजबुरी आहे" म्हणून देतो आणि पुढच्या माणसासाठी भाव वाढवून ठेवतो.

विकत घेताना सोसायटीने सदस्यत्व अडवलं तर उपनिबंधकांकडे दाद मागता येते. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची सक्ती नाही, आणि महापालिका हद्दीत हस्तांतरण शुल्क 25,000 च्या वर घेता येत नाही. या गोष्टी सेक्रेटरीला नम्रपणे पण ठामपणे सांगू शकणारा एजंट मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

"अजून एक पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येतेय" हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळाच. पार्टी खरी असेल तर गोष्ट वेगळी. खोटी पार्टी उभी करून भाव चढवणं याला नजश म्हणतात आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ते मना केलं आहे. एजंट नमाजी आहे, दाढी आहे, आपल्या मोहल्ल्यातला आहे, यावरून हे कळत नाही. त्याने मागच्या वर्षी ज्यांना घर दिलं, अशा दोन कुटुंबांना फोन केला की कळतं.

आता थोडं आपल्याबद्दल. एजंटने चार रविवार फिरवलं, मालकाची गाठ घालून दिली, आणि मग आपण मालकाला बाजूला घेऊन म्हणतो, "याला कट करू, दलाली दोघांत वाटून घेऊ." हे सर्रास होतं आणि याला लोक हुशारी म्हणतात. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यायची शिकवण आपण कामवालीपुरती मानतो आणि एजंटला त्यातून वगळतो. त्याने ठरलेलं काम केलं असेल तर तो पैसा त्याचा आहे.

म्हणून पहिलं घर बघायला जाण्याआधीच साध्या कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: दलाली किती, त्यात जीएसटी धरला आहे की वेगळा, समोरच्या पार्टीकडून तो घेणार का, कोणते कागद आणून देणार, आणि पैसे कधी. जीएसटी लावत असेल तर त्याचा नंबर आणि पावती मागा. निम्मी दलाली करार नोंदवल्यावर आणि निम्मी चावी हातात आल्यावर, असं ठरवलं तर रजिस्ट्रेशननंतरही तो फोन उचलतो. सोसायटीत नाव लागणं, वीजबिल आणि घरपट्टी बदलून घेणं ही कामं त्यानंतरचीच असतात.