शब्दांची जबाबदारी

रत्नागिरी ही लोकमान्य टिळकांची जन्मभूमी. १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांसाठी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, परंतु त्या लेखांची जबाबदारी त्यांनी टाळली नाही. प्रत्येक शब्द विचारपूर्वक लिहिलेला होता.

आज त्याच नगरीतील तरुण मोबाईलवर क्षणात मत मांडून मोकळा होतो. पोस्ट पुसली तरी कोणाकडे तरी तिचा स्क्रीनशॉट उरतो. मुलाखतीपूर्वी उमेदवाराचे नाव इंटरनेटवर शोधले जाते, तेव्हा गुणपत्रिकेआधी त्याची भाषा वाचली जाते.

शासकीय सेवेत तर याला आता नियमांची चौकट आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, गोपनीय कागदपत्रे प्रसृत करू नयेत, आक्षेपार्ह मजकूर टाकू नये, असे त्यांत सांगितले आहे. कंत्राटी कर्मचारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतील सेवकही त्यांच्या कक्षेत येतात. भंग झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे वर्षानुवर्षे अभ्यास करून मिळवलेली नोकरी रागाच्या एका ओळीने संकटात येऊ शकते.

याचा अर्थ तरुणांनी मुके व्हावे असा नव्हे. आपले काम, छंद, वाचन यांविषयी सातत्याने लिहिणाऱ्याची ओळख त्याच माध्यमातून उजळते. पाठवण्यापूर्वी एवढेच विचारावे: या शब्दांखाली दहा वर्षांनीही आपण सही करू का?